धुतलेले हात आणि पदर

कोणे एके काळी, बरं का, एका राजाने आजाऱ्यांसाठी मोठं घर बांधलं. राजे लोक सहसा महाल बांधतात; याला मात्र बरी बुद्धी सुचली!

त्या घराचा कारभार एका वृद्ध वैद्यीणबाईंकडे होता. गावोगावच्या मुली त्यांच्याकडे रोग्यांची सेवा शिकायला येत. बाईंचा पहिला धडा ठरलेला, आधी हात धुवा, मग रोग्याला शिवा. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या. रिठ्याचा फेस करून तळवे चोळायचे, मग हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांखालची जागा आणि मनगटं. पाणी दुसरीने वरून ओतायचं, म्हणजे धुतल्या हाताने पुन्हा तांब्या धरायला नको. कुणी अंगठा विसरली की बाई म्हणत, "अंगठा काय माहेरी ठेवून आलीस?"

या मुलींत सारजा सगळ्यांत मायाळू. म्हाताऱ्यांचा घाम पुसायची, पोरांची नाकं पुसायची. हातही अगदी मन लावून धुवायची. पण नवल असं, की तिने बांधलेल्या जखमाच नेमक्या चिघळायच्या.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "हिचा हातगुणच वाईट," अशी कुजबुज सुरू झाली.

अशातच एका कुंभाराच्या लहानग्या लेकीच्या पायाला कोयता लागला. सारजाने पट्टी बांधली. दोन दिवसांत पाय सुजला, ताप चढला. वैद्यीणबाईंनी जखम पाहून स्पष्टच सांगितलं, "आणखी चिघळली तर पाय वाचायचा नाही."

कुंभारणीने सारजापुढे पदर पसरला. "बये, तुझ्या पाया पडते. माझ्या पोरीला हात लावू नकोस!"

अरेरे! जिच्या उशाशी सारजा जेवणखाण विसरून बसली होती, तिचीच आई असं म्हणाली. सारजाने आपलं गाठोडं बांधलं आणि ती वैद्यीणबाईंपुढे उभी राहिली. "बाई, मी जाते. माझे हातच अभद्र आहेत."

"हात कुणाचे अभद्र नसतात गं, वेडाबाई," बाई म्हणाल्या. "जायचंच तर जा. पण आधी माझ्यासमोर हात धू. त्या पोरीची पट्टी बदलायला निघालीस असं समज."

सारजाने डोळे टिपले, बांगड्या सरकवल्या. बाईंनी स्वतः पाणी ओतलं. तळव्यापासून मनगटापर्यंत काही म्हणता काही सुटलं नाही. बोट ठेवायला जागा नव्हती. मग सारजा वळली आणि सवयीने, न बघताच, तिने ओले हात पदराला पुसले.

"थांब!" बाई ओरडल्या. "सकाळपासून या पदराने काय काय पुसलंस?"

सारजा आठवू लागली. "आजोबांची थुंकी... बाळाचं नाक... त्या गळवाच्या कडेचा पू..." बोलता बोलता तिची नजर हातातल्या पदरावर गेली. "बाई, हे सगळं मीच पोरीच्या जखमेत नेलं!"

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चूक तुझ्या एकटीची नाही. मी धुवायला शिकवलं, पुसायला शिकवलंच नाही. मला वाटलं, त्यात काय शिकवायचं!"

त्याच दिवशी उकळून उन्हात वाळवलेली फडकी हाताशी ठेवली गेली. एकदा वापरलं की फडकं धुण्यात. सारजाने पदर कमरेला घट्ट खोचला. पण कुंभारीण काही ऐकेना. तेव्हा बाईंनी तांब्या तिच्याच हाती दिला. "तूच पाणी घाल आणि तूच नजर ठेव."

रोज ती आई पाणी घाले, डोळ्यांत तेल घालून बघे आणि स्वच्छ फडकं पुढे करी. हळूहळू सूज उतरली, जखम सुकली. एक दिवस पोरगी, लंगडत का होईना, पण आपल्या दोन्ही पायांनी घरी निघाली.

निघताना तिला रडू फुटलं. तिने सारजाचा पदर ओढला आणि खुशाल त्यात नाक शिंकरलं. आई "अगं, अगं" म्हणेपर्यंत काम झालंसुद्धा! सारजाने हसून तिला पोटाशी धरलं आणि पुढच्या रोग्याकडे जाण्याआधी ती हात धुवायला वळली.

"थांब बये," कुंभारीण म्हणाली, "पाणी मी घालते."

तात्पर्य: माया खुशाल पदराने करावी, पण धुतलेले हात स्वच्छ फडक्यालाच पुसावेत.