धीर न देणारा सल्लागार

फार पूर्वी नदीकाठच्या एका नगरात एक वृद्ध सल्लागार राहत असे. भांडवल कोणत्या उद्योगात घालावे, हे विचारायला व्यापारी त्याच्या ओसरीवर येत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, आणि जिभेने त्याहून जरा अधिकच.

नगराच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे दोन कारखाने होते. पहिला आपले रंगीत पाणी सरळ नदीत सोडून देई. दुसरा ते हौदांत निवळवून मगच सोडी, त्यामुळे त्याचा खर्च जास्त होता. शिष्याने एका तेलाच्या व्यापाऱ्याला या दुसऱ्या कारखान्यात भागीदार केले. "शेठजी, इथं पुण्यही मिळेल आणि नफाही दुप्पट," असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते.

दीड वर्षाने व्यापारी तणतणत आला. "पहिल्या कारखान्याचे भागीदार यंदा भरघोस वाटा घेऊन गेले. माझ्या हाती त्याच्या निम्मंसुद्धा नाही! माझं भांडवल आजच्या आज काढून द्या."

शिष्याचा चेहरा उतरला. या व्यापाऱ्याने सगळे भांडवल काढले, तर हौद बंद पडणार होते. तो घाईघाईने आकडे मांडू लागला. घाबरलेला माणूस आकड्यांनी शांत झालेला मी तरी पाहिलेला नाही. व्यापारी अधिकच भडकला.

तेव्हा वृद्धाने शिष्याला हातानेच थांबवले.

"शेठजी, पुढच्या वर्षीही कमीच मिळेल. हौदांचा खर्च भरून निघायला पाच वर्षं लागतील, आणि त्यानंतरही दुप्पट नफ्याची हमी मी देणार नाही. हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. आमचं चुकलं."

शिष्य हादरला. वृद्धाने शांतपणे विचारले, "यातले किती पैसे तुम्हाला लवकर लागणार आहेत?"

"मुलीच्या लग्नाला लागतील. तिसरा हिस्सा."

"तेवढे आज काढा. उरलेल्यांचं काय करायचं?"

व्यापारी ओसरीवर खाली बसला. "माझ्या बहिणीचं सासर नदीच्या खालच्या अंगाला आहे," तो म्हणाला. "तिथं हल्ली गुरंसुद्धा ते पाणी पीत नाहीत. म्हणून तर मी यात पडलो. पण मला हे कुणी विचारलंच नाही." मग उठता उठता म्हणाला, "उरलेले राहू द्या. पाच वर्षं."

तो गेल्यावर शिष्य म्हणाला, "गुरुजी, मी धीर देत होतो, तर तो निघाला होता. तुम्ही वाईट तेवढंच सांगितलंत, आणि तो थांबला!"

"अरे, तो कमी नफ्याला भ्याला नव्हता. आपल्याला फसवलं, असं त्याला वाटत होतं. दुप्पट नफ्यासाठी आलेला माणूस शेजाऱ्याला जास्त मिळालं की उठतो. बहिणीच्या गावासाठी आलेला टिकून राहतो. पण आपण कशासाठी आलो, हे त्याचं त्याला बोलता आलं पाहिजे. तू त्याला बोलू कुठं दिलंस?"

शिष्य ओशाळला. दुप्पट नफ्याची तीच गोष्ट त्याने आणखी सहा घरी सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो त्यांतल्या पहिल्या घरी गेला. तिथे शिवणकाम करणारी एक एकटी म्हातारी राहत होती. त्याने आधी खरे काय ते सांगितले. मग पैसे कशासाठी ठेवलेत, असे विचारले, आणि तिचे उत्तर संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलला नाही. ती तिची सगळी पुंजी होती, आणि हात थकत चालले होते.

"आजी, तुमचे पैसे काढून घ्या," तो म्हणाला, आणि पुढच्या घराकडे चालू लागला.