गुळाची ऐट आन् शेवटची मिरची

लई मागं, डब्यातली जिन्नसं भांडायची तेव्हाची गोष्ट. जावईबापू जेवायला यायचे म्हणून कमळाक्कानं भातावर घ्यायला अननसाचं आंबटगोड गोज्जू चुलीवर ठेवलं. डब्याच्या तळाशी एकच ब्याडगी मिरची उरलेली.

"तू कशाला गं?" गूळ म्हणाला. "तू बाळाची दृष्ट काढून चुलीत जळायची!"

मिरची भीतीनं आणखीच सुरकुतली. गूळ एकटाच ऐटीत पातेल्यात उतरला.

अक्कानं चाखलं. "अगं बाई, हा तर मुरांबा! भातावर कोण घेणार?"

तिनं मिरची तव्यावर टाकली. मिरचीला वाटलं, आली वेळ! पण अक्कानं ती खोबऱ्यासंगं वाटून पातेल्यात ओतली.

जावईबापूंनी नाक पुसत तिसऱ्यांदा भात मागितला. "गूळ लई गोड हाय वो तुमचा!"

पातेल्यात गूळ हळूच म्हणाला, "मिरचीताई, जरा जवळ सरक की."