थोरल्या बुवांचा डाग

“बुवा, तीन भिंती झाल्या. मग आता अनुग्रह कधी?”

“खोलीला भिंती किती?”

“चार.”

दगडूबुवा पुन्हा शेंगा सोलायला लागले.

सिंदफणेकाठच्या त्या लहानशा मठात चिंतामण बरीच वर्षं राहत होता. पाठांतर चोख, आवाज खडा, आणि आपल्यावाचून मठाचं पान हलत नाही याची पक्की खात्री. त्याला एकच गोष्ट हवी होती. बुवांनी कानात मंत्र द्यावा आणि शिष्य म्हणून पदरात घ्यावं. बुवा दर वेळी काही ना काही काम सांगून मोकळे होत. या खेपेला म्हणाले होते, “आतली खोली रंगव. ती झाली की देतो अनुग्रह.”

आतली खोली थोरल्या बुवांची. थोरले बुवा म्हणजे दगडूबुवांचे गुरू. ते जाऊनही आता कैक वर्षं झाली होती. खोलीला तेव्हापासून कुंचा लागला नव्हता.

चिंतामणनं कंबर कसली. पोपडे खरवडले, भोकं बुजवली, चुना भिजत घातला, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ टाकली. तीन भिंती अशा पांढऱ्याशुभ्र केल्या की बघत राहावं. गर्विष्ठ होता, पण कामचुकार नव्हता.

चौथ्या भिंतीपाशी मात्र घोडं पेंड खात होतं.

थोरले बुवा जिथं बसायचे तिथं, डोकं टेकेल अशा उंचीवर, तेलाचा डाग होता. ताटलीएवढा, काळपट पिवळा. येणारे-जाणारे त्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावत. कुणी कुणी हळदकुंकूही वाहून जाई.

“बुवा, त्या डागाचं काय करू?”

“भिंतीचं काय करतोस?”

“रंगवतो.”

“मग?”

चिंतामणच्या अंगावर काटा आला. गुरूच्या गुरूची खूण, तिला खरवडायचा पत्रा लावायचा? त्यानं आपल्या अकलेनं मधला रस्ता काढला. डाग खरवडला नाही, धुतला नाही. नमस्कार केला, डोळे मिटले आणि वरून चुन्याचे दोन हात मारले. भिंत पांढरी झाली. सापही मेला, काठीही मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग जिथल्या तिथं हजर.

“बुवा! अहो बुवा! चमत्कार!”

ही हाक गावात पोचायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत खालच्या आळीतली कोंडाबाई नारळ घेऊन आली. तिच्यामागं अख्खी आळी.

“म्हाताऱ्या बुवांनी दर्शन दिलं म्हणं! कुठं हायेत?”

“हे काय, इथं.” चिंतामणची छाती फुगली होती. “दोन हात चुना दिला, तरी हलले नाहीत.”

दगडूबुवा शेंगांची टरफलं झटकत आत आले. डागाजवळ नाक नेलं. वास घेतला.

“माक्याचं तेल,” ते म्हणाले. “तेलावर चुना धरत नाही रे लेका. आधी सोड्याच्या पाण्यानं घासावं लागतं.”

कोंडाबाईनं हातातल्या नारळाकडं पाहिलं.

“मग ह्यो फोडू, का घरी न्हेऊ?”

“फोड की. चटणी कर. सगळेच जेवून जा.”

माणसं हसत हसत पांगली. चिंतामण हसला नाही.

“तुम्ही थट्टा करता, बुवा. पण त्यांची एवढीच खूण राहिली आहे. ती खरवडली तर काय उरलं त्यांचं?”

बुवा घोंगडीवर टेकले...

“ते स्वतःच खरवडायचे,” ते म्हणाले. “दर दिवाळीला. गरम पाणी मी आणून द्यायचो. घासता घासता हसायचे. म्हणायचे, ‘बघ दगड्या, हे डोकं जिथं टेकवावं तिथं घाण करून ठेवतं.’”

“मग ते गेल्यावर तुम्ही का नाही खरवडलंत?”

प्रश्न जरा चढ्या आवाजातच आला. बुवांना पेचात पकडल्याचा आनंद त्यात लपत नव्हता.

बुवांनी चुन्यातून वर आलेल्या डागावरून बोट फिरवलं.

“हात उठेना. दर दिवाळीला पाणी तापवतो. बादली घेऊन या दारापर्यंत येतो. आणि मग त्याच पाण्यानं अंघोळ करून मोकळा होतो.”

इतक्या वर्षांत बुवांनी चिंतामणला शंभर कामं सांगितली होती, पण मागितलं काहीच नव्हतं. आज ते मागत होते.

तो उठला. चूल पेटवली. कढत पाण्यात सोडा टाकला आणि पत्रा हातात घेतला.

पहिला पोपडा खाली पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. बुवा बादली धरून मागं उभे होते. त्यांचं नाक वाहत होतं, ते उपरण्यानं पुसत होते आणि मधूनच, “डावीकडं राहिलंय बघ,” असं सांगत होते. तेल भिंतीत चांगलंच मुरलं होतं. खरवडलं, घासलं, वाळू दिलं, पुन्हा घासलं. मग चुना.

भिंत वाळली. डाग आला नाही.

“झाली चौथी,” चिंतामण हळूच म्हणाला. अनुग्रहाचं नाव त्यानं काढलं नाही.

“बस इथं,” बुवा म्हणाले.

त्यांनी भिंतीलगत घोंगडी अंथरली. चिंतामण बसला. आता मंत्र मिळणार म्हणून त्यानं उजवा कान पुढं केला.

बुवांनी फडताळातून बाटली काढली. पसाभर तेल त्याच्या टाळूवर ओतलं आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं. तेल कानामागून मानेवर ओघळलं.

“टेक.”

“कुठं?”

“मागं.”

“अहो बुवा, कोरी भिंत आहे... डाग पडेल!”

“टेक म्हणतो ना.”

चिंतामणनं डोळे घट्ट मिटले आणि डोकं मागं टेकलं.

बुवांनी बाटलीला बूच लावलं.

“झाला अनुग्रह. आता दिवाळीला पाणी तुझं तू तापव.”