पास झालेला डॉक्टर

काळवली बेटावर डॉक्टर एकच, मुकादम. त्याची लायकी तपासायला जिल्ह्याचे मोठे डॉक्टर देवस्थळी लाँचनं आले. हुशार माणूस, पण नाक आभाळात. एकाही रोग्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "छातीत दुखणाऱ्याचा कार्डिओग्राम कसा वाचता?"

"मशीनच नाही साहेब, वाचू काय?" मुकादम म्हणाला.

"मग नापास. सहा महिने शहरात शिका. आत्ताच चला."

जेटीवर जमलेल्या माणसांत हिराबायही होती. घरात धाकट्या सुनेचे दिवस भरलेले. बेटावर डॉक्टर नव्हता तेव्हा थोरली, किनारा गाठायच्या आधी, होडीतच गेली होती. हिराबाय पुढं झाली.

"न्या सायब, खुशाल न्या. पण तो येईस्तोवर तुम्ही राहा. तुम्ही तर पास झालेले. माझी पडवी झाडून देते."

देवस्थळींनी दवाखान्याच्या फुटक्या कौलांकडे बघितलं, मग लाँचकडे. "तसा बरा आहे हा. राहू दे इथंच," असं पुटपुटत ते एकटेच लाँचमध्ये चढले.

माणसं पोट धरून हसली. हिराबाय मात्र लाँच दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली. तिनं चेष्टा केलीच नव्हती. मुकादम शिकून आल्यावरही हा सायब इथंच रमला असता, तर बेटाला दोन डॉक्टर झाले असते.