चपटलेला तंबोरा

"चूक कोड लिहिणाऱ्याची आहे. मग कोड मी कशाला शिकू, सर?"

तहसीन आरवाडे सरांच्या घरी पडवीच्या दारातच उभी होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

सरांनी मान वर केली नाही. ते कॉलेजात डिझाइनच्या पोरांना वेबसाइटचा कोड शिकवत. कडक माणूस. त्यांच्या तासाला तहसीन मागच्या बाकावर बसून चित्रं काढायची. हात चांगला होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आधी आत ये," सर म्हणाले. "भांडायचं तर बसून भांड."

ती आत येऊन बसली.

तिचे अब्बा मिरजेत तंबोरे बनवत. पोरगी घरची कला सोडून डिझाइन शिकायला गेली, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. तरी एक दिवस आपणहून म्हणाले, दुकानाची वेबसाइट तू कर. अब्बांनी तिला सांगितलेलं ते पहिलं काम.

तहसीननं पान जीव ओतून रेखाटलं. कोड मात्र वर्गातल्या एकाकडून लिहून घेतला. काल अब्बांनी ते पान आपल्या फोनवर उघडलं. तंबोऱ्याचा गोल भोपळा दोन्ही बाजूंनी दाबला जाऊन दुधीसारखा लांबट झाला होता.

"काय म्हणाले अब्बा?"

"काहीच नाही. फोन पालथा ठेवला... आणि कानस हातात घेतली."

सरांनी आता मान वर केली.

"दुधी तर दुधी," ते म्हणाले. "भाजी करून वाढ त्यांना."

"चेष्टा नको, सर. मी काढला होता तो भोपळा गोल होता."

"होता. मी पाहिलाय. सुरेख होता."

सरांच्या तोंडून असा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. ती जरा नरमली.

"मग तुम्हीच नीट करून द्या. मी चित्र काढते, तुम्ही कोड लिहा. ही दोन वेगळी कामं आहेत."

"अब्बा जवारी कुणाकडून लावून घेतात?"

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती हलक्या हातानं घासत घासत सूर मोकळा करायचा, याला जवारी लावणं म्हणतात. तहसीन त्याच आवाजात लहानाची मोठी झाली होती.

"कुणाकडून म्हणजे? स्वतःच लावतात. ते दुसऱ्याला सांगणार कसं? जरा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत..."

ती मध्येच थांबली.

"ते वेगळं, सर."

"असेल," सर म्हणाले.

त्यांनी संगणकावर तिचं पान उघडलं. शेजारी कोड उघडला. मग पानाची खिडकी कडेला धरून हळूहळू अरुंद केली. भोपळा आत आत दबत गेला. तहसीननं तोंड फिरवलं.

"बघ की. तुझंच आहे."

"बघवत नाही."

"सांग, काय करू? तू सांगशील तेवढंच करणार."

"थोडा रुंद करा."

सरांनी आकडा बदलला.

"अजून थोडा... अजून... थांबा, थांबा, फार झाला."

"ट्रक मागे घेतेस काय गं?"

तिला हसू आलं. तरी सांगत राहिली. फोनच्या मापात भोपळा गोल झाला, तर मोठ्या पडद्यावर फुगून ठरलेल्या जागेत मावेना. तिथं बसवला, तर इकडे परत चपटा.

"तसं नाही, सर. तिथं जागा कमी झाली की त्यानं आपलं आपण लहान व्हायला हवं. पण गोलच राहून."

"मग तसं सांग."

"तुम्हाला सांगतेच आहे ना."

"मला नको. त्याला सांग."

सर तसेच बसून राहिले. बोटं स्थिर. तहसीन खुर्चीच्या कडेवर सरकली. त्यांच्या खांद्यावरून वाकली... मग न राहवून हात पुढे घातला आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

सर उठले. आपली खुर्ची त्यांनी तिला दिली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले. त्या खुर्चीवर बसायची हिंमत आजवर एकाही विद्यार्थ्यानं केली नव्हती. तहसीनच्या ते ध्यानातही आलं नाही.

तिनं आकडा बदलला. पान पाहिलं. परत बदलला. एक ओळ उगीच वाटली, ती खोडली.

शेजारचं पान पांढरं झालं.

तंबोरा नाही, अक्षरं नाहीत, दुकानाचं नाव नाही.

"सर... सगळं गेलं."

"दिसतंय."

"परत येईल ना?"

"येईल."

सर जागचे हलले नाहीत. तहसीननं त्यांच्याकडे पाहिलं. मग पांढऱ्या पानाकडे... बराच वेळ. मग खुर्ची पुढे ओढली आणि कोडाची पहिली ओळ बोट ठेवून वाचू लागली.

सरांचा हात नकळत कीबोर्डकडे गेला.

"हात लावू नका, सर," ती मान वर न करता म्हणाली. "मी शोधते. तुम्ही फक्त उठून जाऊ नका."

सरांनी हात मागे घेतला.

"कुठं जातोय," ते म्हणाले. "बिघडवलंस तू. आता ते तुझं झालं."