माझा म्हणणारा विणकर

पूर्वी वेणुमती नदीच्या वळणावरच्या एका नगरात पृथुसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका विणकराच्या घरी जन्म घेतला. आईबापांनी नाव ठेवलं क्षेमक.

ते नगर असं, की हिवाळ्यात सकाळी दिसायचंच नाही. नदीवरून धुकं वर चढायचं. आधी घाट नाहीसा व्हायचा, मग गल्ल्या, मग समोरून येणारी माणसं. ऐकू मात्र सगळं यायचं. आणि सगळ्यात जास्त ऐकू यायचे माग, कारण तिथले माग जगावेगळे रुंद होते. एका माणसाचे हात पुरायचेच नाहीत. म्हणून एका मागावर दोघे बसायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. आडवा धागा पोटात घेतलेला धोटा एकानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा आणि उलट फेकायचा. असं दिवसभर.

या कामाचा एक रिवाज होता. उभा धागा तुटला, की ज्याच्या बाजूला तुटला त्यानं ताबडतोब ओरडायचं, "माझा!" मग दोघांनी थांबायचं, त्यानं गाठ मारायची आणि धोटा पुन्हा सुरू. बाजू कुणाची ते कळावं म्हणून मधोमध एक लाल धागा ओढलेला असे. आता शब्द तो केवढा, दोन अक्षरांचा! पण जिभेवर यायला किती जड, ते त्या नगरातल्या बायकांना विचारावं. त्यातून धागा नेमका लालापाशी तुटला, म्हणजे धड ह्याच्या बाजूला नाही, धड त्याच्या नाही, की मग बघायला नको. हा त्याच्याकडे बघणार, तो ह्याच्याकडे. त्या नगरात जेवढ्या जोड्या मोडल्या, तेवढ्या त्या लाल धाग्यापाशीच मोडल्या.

नगरातला सगळ्यात कसबी हात होता देविल नावाच्या विणकराचा. हात असा, की धोटा त्याच्याकडे आपण होऊन यायचा. पण स्वभाव? नाकावर माशी बसू द्यायचा नाही. सात वर्षांत त्याचे सहा जोडीदार उठून गेले. सातवा आला क्षेमक, तो मात्र टिकला. एक नाही, दोन नाही, पाच वर्षं टिकला.

देविलची बायको रेवा म्हणायची, "अहो, क्षेमकभावजी टिकले हे तुमचं नशीब. जरा गोड बोला त्यांच्याशी."

"गोड काय बोलायचं? दिवसातून वीसदा त्याचा धागा तुटतो. माझा एकदा तुटत नाही. मी त्याला सांभाळून घेतो, हे दिसत नाही तुला?"

आणि खरंच, त्या मागावर "माझा" ऐकू यायचं ते डावीकडूनच, क्षेमकच्या बाजूनं. क्षेमक हा शब्द असा म्हणायचा, की जसं कुणी वाढताना "घ्या" म्हणतं. देविलची मान वळायच्या आत त्याचा हात गाठीवर गेलेला असायचा. देविलला त्यात एकच गोष्ट दिसली: हा गडी कच्चा आहे. बिचारा देविल! पाच वर्षं ज्या शब्दावर त्याचा संसार उभा होता, तो शब्द त्यानं एकदाही नीट ऐकला नव्हता.

त्या वर्षी माघात राजमाता आजारी पडली. आजार कसला, वयच झालं होतं. ती वाढली नदीपलीकडे, एका गावात. तिथं तिच्या खिडकीला एकसंध, बिनजोडाचा, झिरझिरीत पडदा असे. धुक्यातला सकाळचा उजेड त्यातून आत आला, की पोरगी अंथरुणात पडल्या पडल्या समजायची, आपण नदीच्या तळाशी आहोत आणि वरून होड्या चालल्या आहेत. ऐंशी वर्षांनी म्हातारीला ते पुन्हा हवंसं झालं. वैद्य हळूच राजाला म्हणाले, "धुकं आहे तोवर त्या आहेत." धुकं संपायला वीस दिवस होते.

राजवाड्यातला म्हातारा कंचुकी, राजमातेच्या महालाची व्यवस्था बघणारा, विणकरांच्या आळीत आला. बारा हात लांब पडदा हवा होता, उभ्या खिडकीएवढा. देविलच्या मागावर तेवढाच ताणा, म्हणजे उभे धागे, ओढून तयार होता, धुक्याच्याच रंगाचा. कंचुकीनं विचारलं, "काम होईल ना? राजाची आज्ञा कडक आहे. ज्याच्या हातून हे बिघडेल त्याचा माग जमिनीतून उपटला जाईल."

देविल घाबरला. आणि भीती वाटली, की माणूस काय करतो? दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चार माणसं ऐकत असताना तो म्हणाला, "माझ्याकडून नाही बिघडायचं. पण हा क्षेमक. विचारा त्यालाच, दिवसातून किती वेळा 'माझा' म्हणतो."

कंचुकीनं क्षेमककडे पाहिलं. क्षेमक म्हणाला, "म्हणतो खरा."

झालं! क्षेमकला उठवलं आणि त्याच्या जागी चंडकला बसवलं. चंडक हा नगरातला दुसरा मोठा कसबी. त्याच्याही तोंडून "माझा" कुणी कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजूंना बिनचूक माणसं बसली, म्हणून कंचुकी समाधानानं गेला. क्षेमकनं आपली चटई गुंडाळली. जाताना देविलजवळ वाकून म्हणाला, "थंडीनं धागा कडक झालाय. खळ थोडी पातळ ठेव, आणि उजवीकडून ओढताना हात सैल सोड." देविलला वाटलं, चालला तरी टोमणा मारून चालला.

पहिल्याच सकाळी लालापाशी धागा तुटला. देविलनं वाट पाहिली. नेहमी अशा वेळी डावीकडून आवाज यायचा. आज आला नाही. चंडक छताकडे बघत होता. देविलनंही धोटा फेकला. दुसरा तुटला. मग तिसरा. दोघांनाही दिसत होतं, आणि दोघेही मूग गिळून बसले होते. तिसऱ्या दिवशी कापडाच्या मधोमध बोटभर भेग पडली, ती वाढत चालली आणि तिच्यातून समोरची भिंत दिसू लागली.

"तुझ्या बाजूची आहे," चंडक म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे? तुझ्या बाजूची आहे."

"माझा धागा तुटत नसतो!"

"आणि माझा तुटतो होय?"

एवढं भांडण झालं, की आळीतले बाकीचे माग थांबले. चंडक उठून गेला तो परत आलाच नाही. नऊ दिवस गेले होते, आणि तीन हात कापड झालं होतं, तेही फाटक्या जाळ्यासारखं.

दहाव्या सकाळी देविल एकटाच मागापुढे बसला. धुकं दारातून आत आलं होतं, इतकं की मागाची डावी बाजू त्याला दिसेना. नुसते आपल्या बाजूचे धागे दिसत होते, आणि ते धुक्यातून निघून धुक्यातच जात होते. करायला काही नव्हतं म्हणून त्यानं एक धागा ओढून पाहिला. तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. त्यानं हात सैल सोडून तिसरा ओढला. तो टिकला.

क्षेमकनं जाताना सांगितलं होतं ते हेच. मग वाकून त्यानं कापडाच्या गुंडाळीखाली हात घातला. तिथं क्षेमकबरोबर विणलेल्या जुन्या कापडाचा एक तुकडा पायाशी अंथरलेला होता. पाच वर्षं त्यावर पाय ठेवून बसला, पण कधी उलटा करून पाहिला नव्हता. आता उलटा केला. मागच्या बाजूला गाठी होत्या, बारीक, नेटक्या, सगळ्या क्षेमकच्या हाताच्या. डावीकडे थोड्या होत्या. लालापाशी पुष्कळ होत्या. आणि लालाच्या उजवीकडे, देविलच्या स्वतःच्या बाजूला, लांब हात करून मारलेल्या, तर कितीतरी होत्या.

देविलच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली त्याला, भर सकाळी, एकट्याला. अरे, आपण याला सांभाळून घेत होतो म्हणे!

रेवा दारात आली. तिनं त्याच्या हातातला तुकडा पाहिला, त्याचा चेहरा पाहिला, आणि पहिल्यांदाच टोचून बोलली नाही. "भावजी घाटावर सूत धुताहेत," एवढंच म्हणाली.

घाट दिसत नव्हता. देविल पाण्याच्या आवाजावर चालत गेला. गुडघाभर पाण्यात क्षेमक उभा होता आणि त्याच्या हातातलं ओलं सूत धुक्यात लांबवर पसरलं होतं.

"क्षेमक," देविल म्हणाला, "ते धागे माझे होते."

"कोणते?"

"चेष्टा करू नकोस. उजवीकडचे. माझा हात जड आहे म्हणून तुटत होते. तू का म्हणायचास 'माझा'? चार लोकांत मी तुझी लाज काढली, तेव्हाही बोलला नाहीस."

क्षेमकनं सूत पिळलं. "मी खोटं कुठं बोललो? तू समजलास, 'माझा' म्हणजे दोष माझा. माझ्या बापानं मला शिकवलं ते असं, की 'माझा' म्हणजे गाठ मी मारतो. ज्याला आधी दिसला, त्याचा तो धागा. कुणाच्या हातानं तुटला ते बघत बसलो असतो, तर देविल, पाच वर्षांत आपण पाच हात कापड विणलं नसतं."

"मग मला एकदा सांगायचंस तरी, हात सैल सोड म्हणून!"

"सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. तू तीन दिवस जेवला नव्हतास." क्षेमक हसला. "तिथं माझं चुकलंच. पुन्हा पुन्हा सांगायला हवं होतं. मला तुझ्याबरोबर विणायला आवडायचं रे. भांडण झालं तर ते जाईल, अशी भीती वाटली."

 देविल तसाच पाण्यात उतरला आणि सुताचं दुसरं टोक धरलं.

त्याच दुपारी दोघे मागावर बसले. खराब झालेलं तीन हात कापड कापून टाकलं. ताणा मोजका बारा हातांचा होता. तीन गेले, नऊ उरले. नवा ताणा ओढायला दिवस नव्हते. देविलला हे कळत होतं, क्षेमकलाही कळत होतं. पण धोटा सुरू झाला, आणि रोज सकाळी धुक्यातून आळीला तो आवाज येऊ लागला. मधूनच डावीकडून "माझा" आणि मधूनच, आधी अडखळत, मग मोकळेपणानं, उजवीकडून.

विसाव्या दिवशी पहाट सरता सरता ते पडदा घेऊन राजवाड्यात गेले. धुकं तेव्हाच विरळ होऊ लागलं होतं. कंचुकीनं पडदा खिडकीला लावला. वरून टांगला तर खाली तीन हात खिडकी उघडी राहिली, आणि तिथून उघडाबोडका उजेड थेट म्हातारीच्या डोळ्यांवर पडला. तिनं डोळे मिटून घेतले.

राजाच्या कपाळावर आठी उमटली. "आखूड आहे. हे कुणाचं काम?"

क्षेमक पुढे व्हायला निघाला. सवयच त्याला! देविलनं त्याचं मनगट धरलं. माग डोळ्यांपुढे आला, बापाच्या वेळचा, रुंद, उपटून टाकलेला. रेवाही डोळ्यांपुढे आली. 

"माझं, महाराज," देविल म्हणाला. "तीन हात माझ्या ताठ्यापायी वाया गेले. शिवाय दोष या माणसावर ढकलला, तोही मीच. याचा त्यात धागाभर संबंध नाही."

  अपराध्यानं आपण होऊन अपराध सांगावा, हे राजाला बहुधा नवीनच होतं. तेवढ्यात पलंगावरून बारीक आवाज आला.

"पडदा खाली बांधा."

"आई?"

"खाली बांधा म्हणते. आणि मला जमिनीवर निजवा. लहानपणी कुठं पलंग होता मला?"

राजानं स्वतः आईला उचललं आणि खिडकीला लागून सतरंजीवर निजवलं. पडदा तीन हात खाली उतरवून बांधला. आता खालून पाहणाऱ्याला खिडकीची वरची उघडी बाजू दिसत नव्हती. समोर होता तो फक्त राखाडी, हलणारा, पाण्यासारखा उजेड. तो म्हातारीच्या तोंडावरून, हातांवरून सावकाश सरकत गेला. बाहेर धुक्यात कुणीतरी वल्हं मारत होतं.

"होडी," ती म्हणाली, आणि हसली. मग कितीतरी वेळानं म्हणाली, "पोरा, त्याचा माग राहू दे. तीन हात राहिलेत ना त्याचे? विणू दे. मला घाई नाही."

त्या दुपारी धुकं उठलं, आणि धुक्याबरोबर तीही गेली. राजानं देविलचा माग उपटला नाही. उरलेले तीन हात देविल आणि क्षेमक यांनी नवा ताणा ओढून रात्रंदिवस बसून विणले, आणि तोवर राखून ठेवलेल्या तिच्या देहावर ते पांघरले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, ती दोन भिक्खूंच्या भांडणावरून. दोघे मिळून एक चीवर शिवत होते; शिवण वाकडी गेली, आणि ती कुणाची यावर दोघांनी सकाळपासून तोंड फिरवलं होतं. कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळची राजमाता म्हणजे आज आपल्याला कापड दान करणारी वृद्ध उपासिका सोमा. रेवा म्हणजे भिक्खुणी उत्तला, जी आजही थोडं बोलते आणि नेमकं बोलते. क्षेमक विणकर तो मीच होतो. आणि देविल व चंडक हे तर पुन्हा एकाच कापडाशी बसले आहेत. दुसऱ्याच्या हातून तुटलेलंही आपलं मानून सांधायचं, या क्षांतीचा, या सोशीकपणाचा, अभ्यास मी त्या जन्मी केला."

दोघा भिक्खूंनी माना खाली घातल्या. मग दोघांचेही हात एकदमच सुईकडे गेले.