बुलबुल म्हणाली, मी आधी!

एक होती बुलबुल. एवढुशी! राग मात्र केवढा!
राग आला की डोक्यावरची शेंडी ताठ. ताठ म्हणजे ताठ!

तिचं एक पिल्लू होतं.
रोज सकाळी शेजारच्या घरातली रिबकाआजी हात जोडायची. म्हणायची, "देवा, नवा दिवस दिलास, तुझे आभार." मग भाकरीचा पहिला तुकडा खिडकीत ठेवायची.
तो तुकडा पिल्लाचा!

आज उजाडलं, तरी खिडकीत तुकडाच नाही.
पिल्लू रडलं. चीं चीं चीं!
झाली शेंडी ताठ!

टुण टुण टुण, बुलबुल गेली आजीकडे.
"आजी, पिल्लाचा तुकडा कुठाय?"
"टोपलीत आहे. आधी प्रार्थना, मग भाकरी."
"मग जोड की हात!"
"मी नाही आधी! चर्चची घंटा वाजू दे. मग जोडते."
"अगं, पिल्लू उपाशी आहे!"
"घंटेला सांग जा."

टुण टुण टुण, बुलबुल गेली घंटेकडे.
"आजी हात जोडेना,
पिल्लाला भाकरी मिळेना!
घंटे, वाज की गं!"
"मी नाही आधी! दोरी हलू दे. मग वाजते."
"ढिम्म कुठली!"

टुण टुण टुण, बुलबुल गेली दोरीकडे.
"घंटा वाजेना,
आजी हात जोडेना,
पिल्लाला भाकरी मिळेना!
दोरी, हल की गं!"
"मी नाही आधी! शिलासकाकाला ओढू दे. मग हलते."
"मग बैस लोंबकळत!"

शिलासकाका रोज घंटा वाजवायचा. आज तो घोरत होता. घुर्र घुर्र!
बुलबुलनं नाकावर चोच मारली. टोच!
"दोरी हलेना,
घंटा वाजेना,
आजी हात जोडेना,
पिल्लाला भाकरी मिळेना!
काका, ऊठ की रे!"
"मी नाही आधी! कोंबडा आरवू दे. मग उठतो."
"अरे, कधीच उजाडलं! डोळे उघड आणि बघ!"
"कोंबडा कुठं बोलला?"
काकानं गोधडी डोक्यावर ओढली. घुर्र घुर्र!

टुण टुण टुण, बुलबुल गेली कोंबड्याकडे. कोंबडा कुंपणावर बसला होता. मान वाकडी, तोंड वाकडं.
"काका उठेना,
दोरी हलेना,
घंटा वाजेना,
आजी हात जोडेना,
पिल्लाला भाकरी मिळेना!
कोंबड्या, आरव की रे!"
"मी नाही आधी! बघ, ऊन नाही. नुसते ढग! असल्या मळकट दिवसाचे आभार कोण मानणार? आधी कुणाला तरी मानू दे. मग आरवतो."

आता मात्र बुलबुल लाल लाल झाली!
"मळकट? अरे शहाण्या, नवा कोरा दिवस आहे! देवानं दिलाय! काल होता का तुझ्याकडे? मागितला होतास का तू? हा म्हणतो मी नाही आधी, ती म्हणते मी नाही आधी! आणि माझं पिल्लू रडतंय! सरक तिकडे! मी आधी!"

ती कुंपणावर चढली. मान वर केली. सगळा जोर लावून ओरडली,
"देवा! नवा दिवस दिलास, तुझे आभार! पोट रिकामं आहे, तरी आभार! ऊन नाही, तरी आभार! या सगळ्यांचा मला भारी राग आलाय, तरी आभार!"

कोंबडा दचकला. आरवला, कुकूच कू!
काका उठला, धडपड धडपड!
दोरी हलली, सुईं सुईं!
घंटा वाजली, ठण ठण ठण!
आजीनं हात जोडले.

पण आजीची प्रार्थना केवढी लांब!
"देवा, नवा दिवस दिलास, तुझे आभार. कोंबड्यासाठी आभार. शिलाससाठी आभार. माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी..."
"आजी! आमेन म्हण! देवाला कळलं! पिल्लू उपाशी आहे!"
आजीनं एक डोळा उघडला.
"बरं बाई. आमेन!"

तुकडा खिडकीत.
तुकडा चोचीत.
तुकडा पिल्लाच्या तोंडात. गट्टम!

"अजून!" पिल्लू म्हणालं.

आजीनं अजून एक तुकडा दिला. पिल्लाचं पोट भरलं, आपली गोष्टही सरली.